आईने किंवा वडिलांनी पुन्हा लग्न केलं, तर मुलाच्या पोटगीचं काय होतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. 2021 मध्ये तुमचा संमतीने घटस्फोट झाला. मुलगा आता नऊ वर्षांचा, तुमच्याकडे. संमतीच्या अटींत एक ओळ होती: 'पत्नी व अज्ञान मुलगा यांच्या पोटगीपोटी पती दरमहा रु. 18,000 देईल.' (कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणजे अठरा वर्षांखालचा.) गेल्या वर्षी तुम्ही दुसरं लग्न केलंत आणि सात महिन्यांपासून पैसे येणं बंद झालं. दरम्यान तुमच्या आधीच्या पतींनीही लग्न केलंय, त्यांना एक मुलगी आहे. आता त्यांच्या वकिलांची नोटीस आली आहे. तुम्ही लग्न केलंत म्हणून पोटगी संपली, असं तिच्यात म्हटलंय. शिवाय त्यांच्यावर नव्या संसाराचा भार आहे, आणि शाळेत मुलाच्या नावापुढे तुमच्या आताच्या यजमानांचं नाव लागलंय, म्हणून त्या मुलाची जबाबदारी आता आधीच्या पतींची नाही. शेवटी एक इशाराही आहे, की फार ताणलंत तर मुलाचा ताबा मागू.

मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि अशा नोटिसा सतत वाचते. शब्द थोडे इकडेतिकडे असतात, मुद्दे हेच. म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची स्वतःची पोटगी थांबू शकते. मुलाची थांबत नाही. हे दोन हक्क वेगळे आहेत, दोघांचे धनी वेगळे आहेत, आणि कायद्याने ते कधीच एकत्र बांधलेले नव्हते. तुमच्या कागदावर ते एका ओळीत लिहिले गेले, सगळी अडचण तिथून सुरू झाली.

कायदा काय म्हणतो ते बघू. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 खाली घटस्फोटित पत्नीला कायमची पोटगी मिळते. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात लिहिलंय की पोटगी घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं, तर दुसऱ्या बाजूच्या अर्जावरून कोर्ट तो हुकूम बदलू किंवा रद्द करू शकतं. फौजदारी बाजूला, म्हणजे जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये (1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144), 'पत्नी' या शब्दात घटस्फोटितेचा समावेश आहे, पण तिने पुनर्विवाह केलेला नसेल तोवरच. हे सगळं पत्नीबद्दल आहे. मुलाबद्दल यात अक्षरही नाही.

मुलासाठी हिंदू विवाह कायद्यात कलम 26 वेगळं आहे. ताबा, पालनपोषण आणि शिक्षण, या तिन्ही गोष्टींबद्दल कोर्ट घटस्फोटानंतरही वेळोवेळी हुकूम करू शकतं आणि आधीचे बदलू शकतं. हिंदू दत्तक व पोटगी कायदा, 1956 चं कलम 20 तर थेट सांगतं की प्रत्येक हिंदू व्यक्तीवर आपल्या अज्ञान अपत्यांना पोसण्याची जबाबदारी आहे, मग अपत्य विवाहातून झालेलं असो वा विवाहाबाहेरचं. कलम 144 मध्येही अज्ञान अपत्याचा हक्क स्वतंत्र आहे आणि ते कलम धर्म न बघता सगळ्यांना लागू आहे. मुस्लिम वडिलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच स्पष्ट केलंय की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीसाठी 1986 साली आलेल्या कायद्याने मुलांच्या या हक्काला धक्का लागत नाही. गोव्यात विवाहाचे कायदे वेगळे आहेत, पण फौजदारी संहितेतली ही तरतूद तिथेही आहेच.

यातल्या एकाही कलमात 'आईचं लग्न होईपर्यंत' अशी अट नाही. 'वडिलांना दुसरं मूल होईपर्यंत' अशीही नाही.

आता तुमची ती एक ओळ. संमतीने घटस्फोट घेताना दोन्ही बाजूंना घाई असते. पहिली तारीख, सहा महिने, दुसरी तारीख, आणि एकदाचं संपवायचं. समुपदेशकांकडे बसून अटी लिहिल्या जातात तेव्हा रकमेवर घासाघीस होते, पण ती रक्कम कोणाची किती, यावर कोणी थांबत नाही. 'दोघांचे मिळून अठरा' असं ठरतं आणि तसंच टाइप होतं. त्या दिवशी काही बिघडत नाही. बिघडतं ते तीन-चार वर्षांनी, आई लग्न करते तेव्हा. वडील म्हणतात, ही पोटगी तिचीच होती, मूल आपलं नावाला. आई म्हणते, पूर्ण रक्कम मुलाचीच होती. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, कारण कागद गप्प आहे.

माझ्याकडे अटी लिहायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग बाई असो वा पुरुष, मी एकच गोष्ट हट्टाने करायला लावते. 'अर्जदार क्र. 1 हिस दरमहा इतके, अर्जदार क्र. 2, अज्ञान, अ.पा.क. आई, यास दरमहा इतके.' (अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मुलाच्या वतीने उभी राहणारी व्यक्ती.) दोन आकडे, दोन वेगळ्या ओळी. मुलाच्या ओळीपुढे दरवर्षी किती वाढ, शाळेची वार्षिक फी कोणी भरायची, आणि दवाखान्याचा मोठा खर्च आला तर कसा वाटायचा. इतकं लिहिलं की पुढे कोणीही लग्न केलं तरी मुलाची ओळ जशीच्या तशी उभी राहते.

तुमच्याकडे तशी ओळ नाही, म्हणून ती आता करून घ्यायची. कलम 26 खाली कौटुंबिक न्यायालयात अर्ज करा की मुलाची पोटगी स्वतंत्रपणे ठरवून द्यावी. त्या अर्जात तुमच्या पुनर्विवाहाची तारीख स्वतःहून लिहा. काही जणींना वाटतं, आपण कशाला सांगायचं, त्यांनी सिद्ध करावं. हे करू नका. लग्न लपवून स्वतःची पोटगी घेत राहिलेल्या बाईकडे कोर्ट नंतर मुलाच्या अर्जातही संशयाने बघतं, आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. नियमाने बोलायचं तर त्यांनी अर्ज करून हुकूम बदलून घेईपर्यंत 18,000 चा आकडा कायम आहे आणि परस्पर पैसे बंद करण्याचा त्यांना अधिकार नव्हता. पण माझा सल्ला असा, की लग्नानंतरच्या काळातला तुमचा स्वतःचा वाटा तुम्हीच सोडून द्या आणि तसं लिहून द्या. मग उरलेल्या मागणीकडे कोणाला बोट दाखवता येत नाही.

मुलाच्या वाट्याबद्दल मात्र तडजोडीत काहीही 'सोडून' देऊ नका. तो तुमचा नाहीच, त्यामुळे तुम्हाला सोडता येत नाही. आईने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलांचा पोटगीचा हक्क तिला सोडता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली आहे. 'मुलासाठी भविष्यात काही मागणार नाही' असं लिहून सह्या झालेल्या अटी मी कितीतरी पाहिल्या आहेत. मूल अज्ञान असेल आणि खर्च भागत नसेल, तर असं कलम असूनही अर्ज करता येतो. एकरकमी पैसे घेऊन मिटवलेलं असेल तर कोर्ट ती रक्कम हिशेबात धरतं, मुदत ठेव कुठे ठेवली, व्याज किती येतं हे विचारतं. पण दार बंद होत नाही.

आता तुमच्या यजमानांचा पगार यात मोजला जाईल का, हा मुद्दा. तुमचा सगळ्यात मोठा धसका हाच दिसतोय, कारण प्रश्नात तो दोनदा आलाय. सावत्र वडिलांवर सावत्र मुलाला पोसायची जबाबदारी कलम 20 टाकत नाही. इतकंच काय, 1956 च्याच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 खालच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की नैसर्गिक पालक ठरवताना 'पिता' आणि 'माता' या शब्दांत सावत्र पिता, सावत्र माता येत नाहीत. त्यामुळे 'आता तुझा नवरा बघेल' हे वाक्य व्हॉट्सॲपवर चालतं, कोर्टात नाही. तुमचे यजमान प्रेमाने मुलाची फी भरत असतील, त्याला सायकल घेऊन देत असतील, तर तो त्यांचा मोठेपणा आहे. त्याचा फायदा जन्मदात्या वडिलांनी घ्यावा असं कायदा म्हणत नाही.

मात्र तुमची स्वतःची कमाई हिशेबात येते. मूल दोघांचं आहे आणि कलम 20 मध्ये आई-वडील दोघांचा उल्लेख आहे. 4 नोव्हेंबर 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आज पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात टेबलावर असतो. त्यात म्हटलंय की मुलांचा शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करावा, पण आई पुरेसं कमवत असेल तर तो प्रमाणात वाटावा. समजा मुलाचा महिन्याचा खर्च 16,500 रुपये आहे, तुम्हाला 30,000 मिळतात आणि त्यांना 60,000. तर एकास दोन या प्रमाणात त्यांचे 11,000 आणि तुमचे 5,500. हे काही पक्कं सूत्र नाही, न्यायाधीश गुणाकार करून हुकूम देत नाहीत. पण आपण मागणी करताना असा हिशेब मांडला की ती हवेतली वाटत नाही.

दुसऱ्या लग्नामुळे तुमचं घरभाडं वाचत असेल, तर समोरचे वकील ते काढतील. उत्तर सरळ द्या. भाडं तुमचं वाचलं, मुलाची फी, व्हॅन, क्लास, चष्मा यात काही वाचलेलं नाही.

आता त्यांच्या नव्या संसाराचा मुद्दा. यावर मी थोडी थांबणार आहे, कारण इथे दोन्ही बाजूंचे गैरसमज असतात. तुमच्यासारख्या आयांना वाटतं, त्यांनी लग्न केलं तो त्यांचा प्रश्न, कोर्टाने त्याकडे बघूच नये. वडिलांना वाटतं, नवं मूल झालं की जुन्या हुकुमाची ताकद गेली. दोन्ही चूक.

मार्च 2021 मधलं सर्वोच्च न्यायालयातलं एक प्रकरण तुमच्या प्रश्नाशी फार जुळतं. कर्नाटकच्या आरोग्य खात्यातला एक कर्मचारी, पहिल्या लग्नातून एक मुलगा, मुलगा लहान असतानाच घटस्फोट. कौटुंबिक न्यायालयाने 2017 मध्ये मुलासाठी दरमहा 20,000 ठरवले होते. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की माझ्या हातात महिन्याला 21,000 च्या आसपास पडतात आणि दुसऱ्या लग्नातून मला दोन मुलं आहेत. कोर्टाने ते ऐकलं. रक्कम 10,000 वर आणली. पण शून्यावर आणली नाही, आणि त्या 10,000 वर दरवर्षी 1,000 ची वाढ लावली. शिवाय अठरा वर्षं पूर्ण झाली की संपलं, असंही म्हटलं नाही. आजच्या काळात पहिली पदवी मिळेपर्यंतचं शिक्षण हे किमान आहे असं म्हणून 31 मार्च 2027 पर्यंत पैसे देत राहायला सांगितलं.

त्याआधी 2017 मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने पत्नी आणि मुलासाठी दरमहा 23,000 केले होते. नवऱ्याने पुन्हा लग्न केलेलं होतं, त्या लग्नातून मूलही होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते लक्षात घेऊन 23,000 चे 20,000 केले. तीन हजार कमी झाले.

या दोन निकालांत सगळं उत्तर आहे. नवी बायको, नवं मूल हे कोर्ट बघतं, कारण त्या बाळाचाही त्याच वडिलांवर तितकाच हक्क आहे. तुमच्या मुलाची ती सावत्र बहीण, तिचं दूध, तिचे डोस, तिची बालवाडी हाही खरा खर्च आहे आणि तो नाकारून तुमची बाजू मजबूत होत नाही. पण नव्या मुलामुळे रक्कम फार तर हलते, जबाबदारी हलत नाही. किती हलायची ते कोर्ट ठरवतं, वडील नाही.

आणि ती हलवायची असेल तर रस्ता आहे. हे वाचणाऱ्या वडिलांसाठी सांगते, कारण माझे अर्धे पक्षकार वडील असतात आणि त्यातले बरेच जण मुळात मुलावर जीव असलेले असतात. नोकरी गेली, पगार कमी झाला, नवं मूल आलं, आई आता चांगलं कमवायला लागली, यातलं काहीही झालं तर बदलासाठी अर्ज करा. हिंदू विवाह कायद्यातलं कलम 26, दत्तक व पोटगी कायद्यातलं कलम 25, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम 146 (जुनं 127) यासाठीच आहेत. अर्ज निकाली निघेपर्यंत आहे ती रक्कम भरत राहा, निदान जमेल तेवढी तरी बँकेतून पाठवत राहा. पैसे आधी बंद करून मग कोर्टात आलेल्या माणसाचं खरं कारणही सबबीसारखं ऐकू येतं. रोख देऊ नका. हातात दिलेले आठ-दहा हजार तीन वर्षांनी कोणालाच आठवत नाहीत. आणि शाळेची फी परस्पर भरून 'हीच पोटगी' म्हणायचं असेल, तर ते आधी हुकुमात लिहून घ्या, नाहीतर ते भेट म्हणून धरलं जाण्याची भीती असते.

उत्पन्न लपवायचा खेळही आता पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. रजनेश निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, गाड्या, विमा, म्युच्युअल फंड सगळं. समोरच्याने उत्तर आणि शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं असतं. पगाराच्या पावतीवर नजर ठेवा. चाकणच्या एका कंपनीतल्या गृहस्थांची पावती मला आठवते. एकूण पगार बरा होता आणि हातात येणारा आकडा निम्म्याहून कमी. मधल्या रकान्यांत कंपनीच्या पतपेढीचं कर्ज, नव्या फ्लॅटचा हप्ता, भविष्य निर्वाह निधीत स्वेच्छेने वाढवलेली रक्कम. आयकर आणि सक्तीची कपात कोर्ट वजा करतं. स्वतःच्या मर्जीने घेतलेला हप्ता पोटगीच्या आधी मोजायला सहसा तयार होत नाही. आम्ही त्या पावतीवरचा एकेक रकाना 'सक्तीचा की मर्जीचा' असा वेगळा करून दिला, आणि त्या एका पानाने सगळ्या युक्तिवादापेक्षा जास्त काम केलं.

तुमच्या बाजूनेही अशीच तयारी हवी. 'मुलाला खूप खर्च आहे' असं लिहून भागत नाही. शाळेच्या फीच्या पावत्या, व्हॅनवाल्या काकांना दिलेल्या पैशांचे ऑनलाइन व्यवहार, क्लास, वह्या-पुस्तकं, गणवेश, दाताच्या डॉक्टरांची बिलं, पावसाळ्यात दम्याचा त्रास होत असेल तर त्याची औषधं. एका कागदावर महिन्याचे खर्च, दुसऱ्यावर वर्षातून एकदा येणारे, ते बाराने भागून. जून महिन्याचा खर्च सगळ्या वर्षाचा म्हणून दाखवू नका. समोरचे वकील पहिला प्रश्न तोच विचारतात.

आता नावाचा मुद्दा, जो मला या नोटिशीत सगळ्यात जास्त खटकला. आपल्याकडे मुलाच्या नावात मधे वडिलांचं नाव लागतं. त्यामुळे आईने दुसरं लग्न केलं की हा प्रश्न घरोघरी येतो. शाळेत हजेरी घेताना मुलाचं पूर्ण नाव वाचलं जातं, घरातल्या बाबांचं नाव वेगळं, पालकसभेला येणारे वेगळे, मग मुलं विचारतात. आईला वाटतं, एकच नाव असावं म्हणजे लेकराला उत्तरं द्यावी लागणार नाहीत. ही भावना मी समजू शकते. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै 2022 मध्ये एका प्रकरणात आईची बाजू घेतली. तिथे पहिला नवरा वारलेला होता, आईने दुसरं लग्न केलं होतं, आणि मुलाच्या आडनावाबद्दल उच्च न्यायालयाने घातलेली बंधनं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. नव्या नवऱ्याचं नाव कागदोपत्री 'सावत्र पिता' म्हणून लावायला सांगणं क्रूरपणाचं आहे, असं म्हटलं.

पण तुमच्या मुलाचे वडील हयात आहेत, नैसर्गिक पालक आहेत आणि त्यांची संमती नव्हती. शाळेच्या रजिस्टरमध्ये परस्पर नाव बदललं असेल तर ते दुरुस्त करून घेणं किंवा कोर्टाची परवानगी मागणं तुमच्याच हिताचं आहे. नाहीतर पुढे दाखला, आधार, पासपोर्ट यांत तीन वेगळी नावं होतात आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ होते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आपल्या राज्याने आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लावायचं ठरवलंय. तुमच्या मुलाचा जन्म त्याआधीचा, त्यामुळे हा नियम तुम्हाला आपोआप लागू होत नाही.

हे सगळं असलं तरी पोटगीचा त्याच्याशी संबंध नाही. नाव बदललं म्हणून बाप बदलत नाही. शाळेने रजिस्टरमध्ये काहीही लिहिलेलं असो, कलम 20 आणि कलम 26 जन्मदात्या वडिलांना उद्देशूनच आहेत.

फक्त एक गोष्ट जबाबदारी खरोखर संपवते, आणि ती तुमच्या यजमानांच्या मनात आहे असं तुम्ही लिहिलंय. दत्तक. कायदेशीर दत्तक झालं की दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे त्या तारखेपासून मूल दत्तक घेणाऱ्यांचं होतं आणि जन्माच्या कुटुंबाशी असलेलं नातं कायद्याने तुटतं. त्यापुढे जन्मदात्या वडिलांकडून पोटगी मागता येत नाही, आणि मूल त्यांचा वारसही राहत नाही. आधीच मुलाच्या नावावर झालेली मिळकत तेवढी त्याच्याकडे राहते. सावत्र पालकाने दत्तक घेण्याची वेगळी तरतूद केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या नियमांत आहे आणि तिथे जन्मदात्या पालकाची संमती लागते. काही वडील ती संमती आनंदाने देतात, कारण महिन्याचा खर्च सुटतो. म्हणून घाई करू नका, असं मी कळकळीने सांगते. तुमचं दुसरं लग्न होऊन वर्ष होतंय. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला वडील आठवतात. कायमची सही करण्याआधी त्याच्याशी शांतपणे बोला. त्याच्या वडिलांकडच्या मिळकतीचा विचार करा. आणि नव्या घरात त्याच्यासाठी काय तजवीज होणार आहे, ते फक्त बोलण्यात न ठेवता कागदावर आणा.

ताब्याची धमकी. आईने पुन्हा लग्न केलं एवढ्यावरून तिच्याकडून मूल काढून घेतलं जात नाही. कोर्ट मुलाचं हित बघतं, हा या सगळ्या कायद्याचा कणा आहे. नऊ वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश स्वतः चेंबरमध्ये बोलू शकतात. घरात त्याची जागा कुठे आहे, अभ्यास कोण घेतं, सावत्र वडिलांशी कसं जमतं, हे विचारलं जातं. सात महिने एक रुपया न देणाऱ्या वडिलांनी पोटगीचा अर्ज आल्याबरोबर ताबा मागितला, तर त्या मागणीचं वजन किती, हे न्यायाधीशांना सांगावं लागत नाही.

फक्त एक काळजी तुम्हीही घ्या. पैसे देत नाहीत म्हणून भेट बंद करू नका. 'पैसे नाही तर मुलगा नाही' असा तुमचा एक मेसेज त्यांच्या हाती लागला, की सगळं प्रकरण उलटं फिरू शकतं. भेट मुलासाठी आहे, पैसेही मुलासाठी आहेत. यातलं एक अडलं म्हणून दुसरं अडवायचं नसतं, हे दोन्ही पालकांना लागू आहे.

तुमच्यासारखाच प्रश्न विधवा बायकाही विचारतात. नवरा गेल्यावर पुन्हा लग्न केलं, तर विधवा सून म्हणून सासऱ्यांकडून पोटगी मागण्याचा तिचा हक्क दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे संपतो. पण तिच्या मुलांचा वडिलांच्या मिळकतीतला वाटा आईच्या लग्नाने कमी होत नाही. ती मुलं पहिल्या वर्गातली वारस आहेत आणि राहतात. सासरचे लोक 'लग्न केलंस, आता मुलांचंही इथलं काही नाही' म्हणतात, ते खरं नाही.

मुलीच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. फौजदारी संहितेखाली तिचीही पोटगी साधारण अठराव्या वर्षी थांबते, पण दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम 20 खाली स्वतःला पोसू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क लग्नापर्यंत टिकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये हे पुन्हा सांगितलंय. अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे कमवू न शकणारं अपत्य सज्ञान झालं तरी त्याला फौजदारी संहितेखालीही पोटगी मागता येते.

आता तुम्ही काय करायचं. तुमचा हुकूम हिंदू विवाह कायद्याखालचा आहे, त्यामुळे थकबाकीसाठी त्याच न्यायालयात वसुलीची दरखास्त लावता येते आणि नोकरदार माणसाच्या पगारातून कपातीचा हुकूम मागता येतो. तिच्याबरोबर मुलाच्या स्वतंत्र रकमेसाठी कलम 26 चा अर्ज, आणि त्यातच तो निकाली निघेपर्यंतची अंतरिम रक्कम. अशा अंतरिम अर्जावर नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, पण हा मुद्दा अर्जात लिहा आणि प्रत्येक तारखेला आठवण करून द्या. येताना 2021 च्या हुकुमाची प्रमाणित प्रत, ती नोटीस, गेल्या तीन वर्षांचे बँक उतारे आणि वर सांगितलेले खर्चाचे कागद आणा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुक्याला विधी सेवा समिती असते.

ज्यांचा हुकूम कलम 125 किंवा 144 खालचा आहे, त्यांनी वेळेचं भान ठेवावं. तिथे न दिलेल्या रकमेसाठी कोर्ट वॉरंट काढतं, आणि तरीही न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आलं की देणं फिटलं असा समज आहे, तो सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच खोडून काढलाय. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नाही. पण वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्याच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. म्हणजे गेल्या वर्षी ऑगस्टची पोटगी थकली असेल, तर या ऑगस्टनंतर त्या एका महिन्यासाठी या मार्गाने वॉरंट मागता येणार नाही. 'देतील, देतील' म्हणत थांबलेल्या बायकांचे पहिले काही महिने असेच हातचे जातात. थकलेल्या पहिल्या महिन्याची तारीख आजच बघा आणि तिला एक वर्ष पूर्ण होण्याआधी अर्ज दाखल करा.